तांबडीचा पाढा

सतरा एके सतरा.

पत्र्याची ट्रंक. कडी तुटलेली, म्हणून सुतळीने आवळलेली.

वासरू मेल्यावर गाय कितीतरी दिवस रिकाम्या दाव्याकडे बघत उभी राहायची.

आईने मुलीचा जुना फ्रॉक कमरेला गुंडाळलाय. गाईला तिचा वास यावा म्हणून.

वळणावर शाळेच्या बाई उभ्या आहेत. मोटार यायची आहे.

सतरा दुणे चौतीस.

मुलगी गोठ्याच्या कुडाबाहेर उभी होती, तोंडावर हात घट्ट दाबून. बापाने तशी ताकीदच दिली होती. "आत यायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. आईच्या हाताला तांबडीनं पान्हा सोडला, तर जा खुशाल बाईंबरोबर. ट्रंक मी स्वतः उचलतो."

बाप शब्दाचा पक्का. ट्रंक त्याने खरंच दाराशी आणून ठेवली होती. शहरातल्या मोठ्या शाळेत जागा मिळाली होती, राहण्याजेवण्याची सोय बाईंनी खटपट करून लावली होती. आज गेली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. सगळं जमलं होतं, घोडं अडलं होतं ते गाईपाशी.

दोष कुणाचा म्हणायचा? वासरू गेल्यापासून तांबडी कुणाला कासेला हात लावू देईना, तेव्हा मुलगीच पहाटे तिच्या अंगाला डोकं टेकून बसायला लागली. हातांना काम, तोंड मोकळं. दिवसभरात अभ्यासाला दुसरी वेळ कुठली? सतराचा पाढा कच्चा होता, म्हणून तोच घोकला. पाढा पाठ झाला मुलीचा आणि सवय जडली गाईला. आता सतराचा पाढा कानावर पडल्याशिवाय ती दुधाचा थेंब उतरू देत नव्हती. बाप एकदा धारेला बसला होता. पाढा येत नव्हता, म्हणून नुसतंच "सतरा, सतरा" करत राहिला. तांबडीने अशी लाथ हाणली की बादली एकीकडे आणि तो एकीकडे. "लहानपणी मास्तरांचा मार चुकवला, तो हिनं वसूल केला," म्हणून तो स्वतःच हसला होता.

पण घर त्याच दुधावर उभं होतं. त्याबद्दल कुणी हसत नव्हतं.

म्हणून मुलीने आईला पाढा शिकवायला घेतला. चुलीपुढे, विहिरीवर, तण उपटताना. आई तिच्यामागून म्हणायची, मध्येच अडायची आणि पदराने तोंड पुसायची. "या डोक्यात भाजीत मीठ टाकायचं राहत नाही गं, तुझे आकडे कुठले राहायला?"

"राहतील. रोज म्हण. माझ्यासाठी म्हण."

"म्हणते की."

"सतरा त्रिक एक्कावन्न," आत आई म्हणाली.

तांबडीचं रवंथ थांबलं. गळ्यातली साखळीही वाजेनाशी झाली. मुलीने श्वास रोखला. गाय ऐकत होती. ऐकताना ती अशीच स्तब्ध होते, हे मुलीइतकं कुणाला माहीत असणार?

"सतरा चोक…"

आत बादली जराशी सरकली.

"सतरा चोक… चौसष्ट? नाही, नाही, थांब हं. सतरा चोक…"

गाईचा पाय आपटला.

"अगं चौसष्ट काय, पासष्ट काय, गाईला कुठं गणित कळतंय!" बाप दाराजवळून खेकसला. "रेट पुढं!"

गणित कळत नाही, अडखळणं कळतं. हे मुलीला ओरडून सांगायचं होतं. तिने तळहात दातांत धरला.

"कुठवर आले होते मी?" आई म्हणाली. "परत पहिल्यापासून घेते. सतरा एके…"

वळणावर मोटारीचा भोंगा वाजला. एकदा. मग लांबलचक.

मुलीचा हात तोंडावरून कधी सुटला ते तिलाच कळलं नाही.

"अडुसष्ट!" ती कुडाला तोंड लावून ओरडली. "सतरा चोक अडुसष्ट, आई! सतरा पाचे पंच्याऐंशी…"

आणि रिकाम्या बादलीच्या तळावर धार वाजली.

पहिली बारीक, मग जोरदार. तो आवाज तिने रोज ऐकला होता, तिच्याच दोन हातांतून. ती गप्प झाली. धार लगेच बारीक झाली, पाय पुन्हा आपटला.

"थांबू नकोस," बाप हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हणत राहा. आता तेवढं पुरतं काढून घेऊ दे."

ती म्हणत राहिली. दहापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून. पाढ्याची चाल बिघडायला लागली, तशी तिने रडणं आवरलं. आत बादली भरत होती. आईचं डोकं गाईच्या अंगाला टेकलेलं होतं, चेहरा पलीकडे. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, चढावर इंजिन घरघरलं, बाईंनी कुणाला तरी काही सांगितल्यासारखं वाटलं, मग धुळीशिवाय काही उरलं नाही.

"ऐकलंस ना, मास्तरीणबाई?" बाप म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "तिला तुझाच आवाज लागतो. मी काही अडवलं नाही तुला."

"नाही," मुलगी म्हणाली.

त्याने ट्रंक उचलली आणि आत नेली.

आई भरलेली बादली घेऊन बाहेर आली. कमरेचा फ्रॉक सोडून तिने मुलीच्या खांद्यावर टाकला. "नाही गं जमलं मला," म्हणाली आणि दूध झाकायला निघून गेली.

मागच्या थंडीत मुलगी आठ दिवस तापाने बेशुद्ध पडून होती आणि बाप दूर कालव्याच्या कामावर होता. तेव्हा तांबडीची धार आईनेच काढली होती, रोज पहाटे, सतराचा पाढा दहापर्यंत म्हणत, एकदाही न अडखळता.