फिरंग्याचं पान

तारापूरला अणुवीजघराचं काम जोरात होतं, त्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. रखमाने किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर फिरंग्याचं पान वाढलं. किल्ला बांधणाऱ्या त्या पोर्तुगीज राज्यकर्त्याच्या मागे घास ठेवायला कुणी उरलं नाही, म्हणून तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत.

वीजघरावरचा अमेरिकन साहेब किल्ला बघायला आला होता. रखमाच्या मुलाने, दिनानाथने त्याला हे सांगितलं, तर तो पोट धरून हसला.

"काय बोलला रे तो?"

"म्हणतो, अर्धी दुनिया मुठीत होती त्यांच्या, नि आज परक्या बाईच्या हातचा भात! आमचं तसं नाय व्हायचं. आमी कायमचे."

पण कावळा काही पानाला शिवेना. रखमाने सगळी वचनं देऊन पाहिली. दिवा लावीन, बुरूज झाडीन, माझ्यामागे सून पान वाढील. कावळा आपला मान वाकडी करून साहेबाकडेच बघत बसलेला. तिने हात जोडले आणि साहेबाकडे न बघता पुटपुटली,

"बरं बाबा. उद्या याच्या मागं कोण नाय उरलं, तर याचं पण पान आमीच वाढू."


कावळा झपकन खाली उतरला.