दफनगुहांची यादी

आमच्या माओरी कुळाच्या दफनगुहांच्या जागा बाहेर कुणाला सांगत नाहीत. वर्षभर विचार करून हुइया मावशीनं त्या मला लिहून दिल्या, फक्त आमच्या मुलांच्या नकाशासाठी. नकाशाच्या प्रोग्रामला ती यादी जोडता यावी म्हणून मी तिचं जावास्क्रिप्ट पॅकेज बांधलं, इंटरनेटवरच्या पॅकेज-साठ्यात कुळाच्या नावाखाली प्रकाशित केलं आणि मग लक्षात आलं. खाजगी ठेवायची सूचनाच द्यायला विसरले होते! शेजारच्या हेमीनं लॉगिन न करता तेच पॅकेज मागवलं. उत्तर आलं: सापडलं नाही. "अगं वेडे, कुळाच्या नावाखालचं पॅकेज मुद्दाम सर्वांसाठी खुलं केल्याशिवाय खाजगीच असतं!" तो म्हणाला. "पूर्वजांनीच तारलं!" म्हणत मी त्याला मिठी मारली. तरी संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. ती रताळी सोलत राहिली. "यादी परत देऊ?" मी विचारलं. "ठेव तुझ्याकडेच. चूक सांगायला स्वतःहून आलीस, आणखी काय हवं?" ती म्हणाली आणि दुसरी सुरी माझ्यापुढे सरकवली.