सासूबाईंची मालिश

बाळंतपणानंतर सासूबाईंनी मला मेडिकल कॉलेजात परत जाऊ दिलं, पण एका अटीवर. "हाडंबिडं घरात आणशीन, तर त्याच दिवशी तुह्यं कॉलेज बंद. लेकराच्या घरात मेल्या माणसाचं डोस्कं नाही चालत!"

चिमीचं डोकं मागून थोडं चपटं होतं. ते गोल व्हावं म्हणून सासूबाई रोज तेल लावून चोळायच्या. मला हसू यायचं.

अॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी त्या भजनाला गेल्या. चिमीला शेजारच्या कांताबाईंकडे ठेवून मी मैत्रिणीकडून आणलेली कवटी आणि दोरीत ओवलेले मणके पलंगावर काढले. कवटीची भोकं पाठ करून मानेच्या मणक्यांपर्यंत आले, तोच फाटक वाजलं. भजन लवकर आटोपलं होतं. मला दुसरं काही सुचेना. सगळं चिमीच्या दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्यात ठेवून दिलं.

सासूबाई थेट पाळण्यापाशीच आल्या आणि चष्मा न लावताच झोके देऊ लागल्या.

"कांताबाईकडे कोणाचं वं पोट्टं इतकं रडून राहिलं? आपली पाह्य, कशी गुमान झोपली!"

माझी परीक्षा तिथेच संपली असं मला वाटलं. त्यांनी दुपट्यावरूनच मायेनं हात फिरवला. मी डोळे मिटून घेतले.

 

"हासत होती ना मले, चारू? पाह्य, माह्या मालिशनं डोस्कं कसं गोल झालं!"