घालमेलीचं भाडं

मोबाइलवर अंगठा टेकवताच गोंदियाचं भाडं पुन्हा वाढलं. मृणालने हात मागे घेतला. अंगठ्यातून जिवाची घालमेल मोजली जायची. घालमेल जितकी जास्त, तितकं तिकीट महाग. स्टेशनची खिडकी असो की एजंटचं दुकान, सगळीकडे आता हेच होतं. तिकडे आई आयसीयूत होती आणि इकडे गाडीची वेळ होत आली होती.

"दादा, तू बघ ना काढून."

निरंजन सकाळपासून रडत होता. आईशिवाय माझं कसं होणार, असं भेटेल त्याला सांगत होता. त्याने डोळे पुसले आणि अंगठा टेकवला.

सहलीला निघालेल्या माणसाला पडतं, तेवढंच भाडं स्क्रीनवर आलं.

"स्वस्त मिळतंय. दोन काढू ना?" त्याने विचारलं.

मृणालने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"एकच काढ," ती म्हणाली. "माझं."