घंटीपासून लांब

टिंग् झालं आणि आई ताडकन उठली. “आले, आले!” म्हणत ती दोन टेबलं ओलांडून गेलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की घंटी या कॅफेच्या आचाऱ्याने वाजवली आहे. सूपचा बाऊल तयार होता आणि तो न्यायला वेटर आधीच पोचला होता.

“काही हवंय का, मावशी?” त्याने विचारलं.

“नाही रे बाबा, तुझं चालू दे.”

आई हसत हसत जागेवर परतली. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आईचं हसू बघून तिलाही हसू आवरेना.

“आई, सुट्टीवर आहेस तू.”

“मला कळतं गं. पायांना कुठे कळतंय!”

आईचं डोंगरावर गेस्टहाऊस होतं. समोर तळं, मागे झाडी. शहरातली दमलेली माणसं तिथे येऊन दिवसदिवस झोपा काढत आणि काऊंटरवरची घंटी वाजली की आई धावे. कुणाला गरम पाणी हवं, कुणाची किल्ली कुलपात अडकलेली. आईचे हात कामात असले की लेकीला पळावं लागे. लेक मोठी झाली, शहरात नोकरीला लागली. आई मात्र तिच्याकडे राहायला आली ती आत्ता, पहिल्यांदाच.

आणि आल्यापासून ती रोज याच कॅफेत याच खिडकीशी येऊन बसत होती. बाहेर मोठा चौक, बसगाड्यांची रीघ, हॉर्नचा नुसता कल्लोळ. सिग्नल हिरवा झाला की आई खूश, लाल झाला की माणसांचा लोंढा रस्त्यावर उतरतो म्हणून जास्तच खूश.

लेकीचा जीव यात रमत नव्हता. तिने हट्टाने रजा काढली होती आणि ती काही चौकात बसायला नव्हे. तिने मोबाईल आईपुढे सरकवला.

“हे बघ. उद्या सकाळी निघायचं. तळ्याकाठी कॉटेज घेतलंय. चिडीचूप शांतता. याला म्हणतात सुट्टी!”

आईने चष्मा लावून फोटो निरखला. “छान आहे. चादरी जरा पिवळ्या पडल्यात.”

“आई!”

“अगं, तळं तर आपल्या दारातच आहे.”

“पण तिथे तू पाहुणी असशील. कुणीतरी तुझं करील.”

“म्हणजे तिथली बाई बादली उचलून माझ्या खोलीपर्यंत आणणार आणि मी ढिम्म बसून बघणार? माझ्याने होणार नाही बाई ते. दुपारपर्यंत तिच्याबरोबर उश्यांचे अभ्रे बदलत असेन मी.”

खरं होतं ते. तरी आईने जन्मभर दुसऱ्यांना जे दिलं ते एकदा तरी तिच्या वाट्याला यावं, एवढंच लेकीला हवं होतं.

“मग इथे काय आहे गं?” ती जरा चिडूनच म्हणाली. “धूर आणि धक्काबुक्की! लोक इथून जीव घेऊन आपल्याकडे पळतात आणि तू इथे येऊन बसतेस. याला काय सुट्टी म्हणायचं?”

आईने चष्मा काढून पुसला. “तुझे बाबा पहिल्यांदा आपल्याकडे आले ना...”

ही गोष्ट लेकीला पाठ होती, पण अर्धीच. बाबा दोन दिवसांचे पाहुणे म्हणून आले, हातात बॅग, एका चपलेचा अंगठा तुटलेला. काऊंटरपाशी उभे राहिले आणि आईला म्हणाले... गोष्ट इथवर आली की हमखास घंटी वाजायची. आई उठून जायची आणि परत यायची ती दुसराच विषय घेऊन. बाबांना विचारावं तर ते पेपरात तोंड खुपसून नुसते हसायचे.

“काऊंटरपाशी उभे राहिले,” आई सांगत होती, “आणि मला म्हणाले...”

टिंग्.

आईचे हात टेबलावर टेकले, ती अर्धवट उठलीही. झालं, आता गेली, असं लेकीला वाटलं. पण आईने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि सावकाश पुन्हा बूड टेकलं.

“म्हणाले, ‘फारच शांत आहे हो इथे, झोप लागत नाही. एकदा आमच्या चौकात येऊन बसा. गर्दी कशाला म्हणतात ते दाखवतो तुम्हाला.’ मी म्हटलं, येईन. आता दोन दिवसांसाठी आलेला माणूस, तो अजून गेलेला नाही! मग लग्न झालं, तू झालीस, पाहुणे तर कायमचेच. दोघांना एकदम कधी निघता येतंय? एकाला घंटीपाशी राहावंच लागतं. यंदा म्हणाले, ‘या वेळी मी बसतो. तू जाऊन ये आमच्या चौकात.’”

लेकीने खिडकीबाहेर पाहिलं. सिग्नल लाल झाला होता. माणसं बसांच्या मधून वाट काढत, एकमेकांना ढकलत चौक ओलांडत होती, आणि आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती, डोळे भरून. लेकीने मोबाईल पिशवीत टाकला.

“कॉटेजचं सांगते त्यांना, येत नाही म्हणून,” ती म्हणाली. “अजून एक कॉफी घेऊ या?”

टिंग्.

या वेळी लेकच खुर्ची मागे सारून उठायला निघाली. आईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“वाजू दे,” ती म्हणाली. “घंटीपाशी तुझे बाबा आहेत.”