तलवारीखालचा सूर

खालच्या पट्टीत चेलो वाजवणारे चौघे एकदम थांबले. बाकीचा वाद्यवृंद पुढे धावत राहिला. चेलो पुन्हा सुरू झाले, आणि पुन्हा अर्ध्यातच गप्प.

"चुकतायत ते," ती काचेमागून म्हणाली. "थांबवा ना कुणीतरी."

रेकॉर्डिंग स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये कुणी हललं नाही. तिचा दादा डोळे मिटून मान डोलवत होता. बाजूला कंपनीची माणसं, एक कॅमेरावाला. आज दादाचा दिवस होता. ज्या व्हिडिओ गेमने त्याला मोठं केलं, त्याचा पहिला भाग नव्याने निघत होता, आणि त्यातली लढाईची चाल खेळासाठी पहिल्यांदाच खऱ्या वाद्यांवर वाजत होती.

खेळ तसा साधा. गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, तलवारीने राक्षस मारायचे, ताकद वाढली की पुढच्या गावाला निघायचं. त्याचे भागावर भाग निघाले आणि दोन पिढ्या त्यावर पोसल्या. लढाईची चाल लोकांनी फोनवर लावली, शाळेच्या बँडवर वाजवली. खेळाच्या डब्यावर संगीतकार म्हणून नाव मात्र एकट्या दादाचं.

चाल बसवली होती दोघांनी. आईच्या स्वयंपाकघरात, जेवणाचं टेबल पुसून. खेळ चालवणाऱ्या तेव्हाच्या मशीनमधून एका वेळी तीनच सूर निघायचे. वरचे दोन दादाचे. खालचा, तिसरा, हिचा. दादाची चाल छाती काढून पुढे निघायची आणि हिचा सूर तिला खालून अडवायचा, की बाई, चाललीस कुठे? त्या दोघांच्या भांडणातच खरी लढाई होती. नावाचा विषय निघाला तेव्हा दादा म्हणाला, "घरचीच ना तू? घरात कुणी पाट्या लावतं का?" तिने ऐकून घेतलं. धाकट्या बहिणींना ऐकून घ्यायचंच वळण लावलेलं असतं, आणि वर त्याला संस्कार म्हणतात.

पण नावापेक्षा दुसरंच जास्त झोंबलं. खेळ बाजारात आला, आणि तलवार फिरली की हिचा सूर गायब! तलवारीच्या खणखणाटालाही जागा हवी, आणि मशीनकडे जागा तीनच.

"मशीन कापतं गं," दादा म्हणाला. "त्याला मी काय करू? मशीनपुढे कुणाचं चालतंय?"

आता लढाईत माणूस तलवार फिरवणार नाही, तर काय फुलं वेचणार? सूर अख्खा ऐकायचा तर एकच उपाय होता. तिने तोही केला. हिरोला राक्षसांपुढे नुसतं उभं केलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. राक्षसांनी त्याला तुडवलं. तिची ओळ पुरी व्हायच्या आत तो मेला आणि संगीतही बंद पडलं. तिने पुन्हा उभा केला. पुन्हा मेला.

शेवटी तिने नाद सोडला. पियानोच्या शिकवण्या धरल्या, संसार केला. मशीनला मात्र मनापासून शिव्या घातल्या, वर्षानुवर्षं. दादावर तिने राग धरला नाही. नाव खाल्लं ते खाल्लं, सूर तरी त्याने खाल्ला नव्हता.

गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. "ये ऐकायला. आता ती मशीनची भानगड नाही. तुझा सूर अख्खा वाजेल."

"माझी ओळ मी लिहून देऊ का? पाठ आहे मला."

"वाद्यवृंदासाठी अरेंजरने लिहिलंय सगळं. तू नुसती ये. नावाचंही बघू."

कपाटातले ठेवणीतले कपडे काढून ती आली होती. आणि आता समोर चेलो पुन्हा पुन्हा अडखळत होते. अगदी त्याच जागी.

चाल संपली. अरेंजर आत आला. घामाघूम, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"चेलो मधेच का थांबतात?" तिने विचारलं.

"मुद्दाम, ताई!" तो म्हणाला. "कंपनीकडे जुने कागदच उरले नव्हते. मग खेळ आठवून कानाने उतरवलं मी सगळं. लहानपणी आम्ही पोरं तालावरच तलवार मारायचो. घाव पडला की खालचा सूर श्वास रोखून धरायचा. अंगावर काटा यायचा हो! तो तस्साच ठेवलाय. बाकीचं संगीत एकीकडे आणि ती शांतता एकीकडे." मग तो दादाकडे वळला. "सर, कधीपासून विचारायचं होतं. ही कल्पना कुणाची?"

कॅमेराही दादाकडे वळला. समोरून कौतुक चाललंय आणि दादाने हात पुढे केला नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

"माझीच की!" दादा खुर्चीत रेलला. "तो प्रोग्रामर आला होता विचारायला. म्हणाला, तलवारीच्या आवाजासाठी तिन्हींतला एक सूर बंद ठेवावा लागेल, कुठला बंद ठेवू ते तुम्ही सांगा. मी जेवायला बसलो होतो. हातातला घासही खाली ठेवला नाही. म्हटलं, तिसरा बंद ठेव!"

खोलीत हशा पिकला. कुणीतरी टाळी दिली. ती हसली नाही.

"दादा, तू तर म्हणाला होतास, मशीन कापतं."

"अगं वेडे," दादा कॅमेऱ्याकडे बघत हसला, "मशीनला काय कळतंय? त्याला तिन्ही सूर सारखेच."