वरच्या घरातल्या उड्या

शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी वजन उतरवायचं मनावर घेतलं. सकाळी दोरीच्या उड्या, दोन्ही वेळा उकडलेल्या भाज्या. पंधरा किलो उतरल्यावर त्यांनी दोरी गुंडाळून ठेवली आणि पोटभर जेवायला सुरुवात केली.

वजन मात्र उतरतच राहिलं. दर आठवड्याला स्वतःचेच कपडे टीप मारून आत घ्यावे लागत. डॉक्टरांनाही काही सापडेना.

एकदा खालचे मास्तर जिन्यात भेटले. "वहिनी, उड्या जरा हळू मारा. दिवसभर छत हादरतं."

"दोन महिने झाले हो, उड्या सोडून."

मास्तर त्यांना आपल्या घरात घेऊन गेले. वर, वहिनींच्या कुलूप लावलेल्या घरात धपधप चालूच होती.

ऐकता ऐकता वहिनींना घाम फुटला, धाप लागली.

"बास कर गं आता," त्या छताकडे बघून म्हणाल्या.

उड्यांचा वेग वाढला.